बागेखालची टाकी

शाळेची सहल मुंबईला निघाली की कार्यक्रम बहुतेक ठरलेलाच असतो. राणीची बाग, गेटवे, चौपाटी आणि शेवटी मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. शहापूरची मुले आसनगावला लोकल धरतात, मुरबाडची मुले एस.टी.ने कल्याणला येतात. दिवसभर पायपीट झाली की बुटासमोरच्या हँगिंग गार्डनच्या हिरवळीवर सगळे फतकल मारून बसतात. झुडपे कातरून केलेले प्राणी पाहतात, फोटो काढतात आणि परत निघतात.

पण आपण कशावर बसलो होतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ही बाग म्हणजे एका प्रचंड टाकीचे झाकण आहे!

या उद्यानाचे आजचे नाव फिरोजशहा मेहता उद्यान. त्याच्या खालची टाकी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८८० नंतरच्या दशकात बांधलेली. तिच्यात सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावते. १० हजार लिटरचा एक टँकर धरला, तर १४,७०० टँकर. टाकीचे पाच कप्पे आहेत. एक कप्पा रिकामा करून धुता येतो, तेव्हा बाकीचे चार दक्षिण मुंबईला पाणी देत राहतात. २०२३ साली ही टाकी पाडून नवी बांधण्याचा विचार पुढे आला, तेव्हा बाग बंद होईल आणि झाडे जातील म्हणून रहिवाशांनी हरकत घेतली. तज्ज्ञांनी टाकीत उतरून पाहणी केली आणि दुरुस्तीने भागेल की नाही, यावर बराच ऊहापोह झाला.

टाकी झाकायची कशाला? जवळच पारशी समाजाची दोखमे आहेत, तिथल्या गिधाडांमुळे पाणी खराब होऊ नये म्हणून झाकली, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, झाकायला दुसरी कारणेही पुरेशी आहेत. उघड्या पाण्यावर ऊन पडले की शेवाळ वाढते. जंतू मारण्यासाठी घातलेला क्लोरीनही उन्हात लवकर नाहीसा होतो. शिवाय बाष्पीभवन, धूळ, पालापाचोळा आहेच. वर मातीचा थर असला की खालचे पाणी फारसे तापतही नाही. मात्र छतावरच्या पातळ मातीत वडपिंपळ लावून चालणार नाही. मुळे छत फोडतील. पुढच्या वेळी गेलात तर मोठी झाडे कुठे आहेत आणि मोकळी हिरवळ कुठे आहे, ते नीट पाहा. टाकी कुठवर असेल, याचा अंदाज येईल.

आता मुख्य प्रश्न. टाकी टेकडीवरच का? गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतो, ती तुम्ही पाहिली असेल. नळी कशीही वळवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येऊन थांबते. शहराची नळयोजना म्हणजे तीच नळी, फक्त फार मोठी. मलबार हिल सुमारे ५० मीटर उंच आहे. पाण्याच्या १० मीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ १ किलोग्रॅम असतो. म्हणून टाकीपेक्षा ४० मीटर खाली असलेल्या नळात ४ किलोग्रॅमच्या आसपास दाब मिळायला हवा. नळातल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो.

मग या टेकडीवर पाणी कोण चढवते? इथे तुमचा तालुका येतो. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. हा तलाव मलबार हिलपेक्षा उंचावर आहे. त्यामुळे ते पाणी जवळजवळ शंभर किलोमीटर आपल्या वजनानेच वाहत जाते. भिवंडीच्या बाजूला आणि उपनगरांत दिसणारे ते अजस्र नळ आठवा. त्यांतल्या काहींचा व्यास ७२ इंच आहे, म्हणजे आत तुम्ही ताठ उभे राहाल. भातसाची गोष्ट थोडी वेगळी. धरणातून सोडलेले पाणी नदीने पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून मात्र ते पंपाने उचलावे लागते. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा या एका भातसाचा आहे.

आणि त्याच शहापूर-मुरबाडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण चार महिन्यांत. खाली बसाल्टचा कातळ; त्यात पाणी फारसे मुरत नाही, उतारावरून निघून जाते. धरण दरीत असते आणि पाडे असतात डोंगरावर. मुंबईच्या मदतीला धावणारे गुरुत्वाकर्षण पाड्याच्या मात्र विरुद्ध उभे राहते.

ते किती विरुद्ध असते? हिशेबच करू. समजा, विहीर घरापासून ४० मीटर खाली आहे आणि ४५ किलोग्रॅम वजनाची एक मुलगी १५ लिटरचा हंडा वर आणते. पाणी उचलण्याचे कार्य १५ × ९.८ × ४० = ५,८८० ज्यूल. पण ती स्वतःलाही वर नेते, म्हणून एकूण कार्य त्याच्या चौपट. ग्रामीण भागासाठी दरडोई ५५ लिटर हे जलजीवन मिशनचे प्रमाण धरले, तर पाच माणसांना २७५ लिटर, म्हणजे अठराहून अधिक खेपा! आता पंप घ्या. १,००० लिटर पाणी ४० मीटर चढवायला ३,९२,००० ज्यूल लागतात. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. गळती-घर्षण धरूनही हे काम पाव युनिटात उरकते. मला स्वतःला हा आकडा प्रथम काढला तेव्हा खरा वाटेना, पुन्हा करून पाहिला. अडचण ऊर्जेची नाही. पंप, नळ आणि ते दुरुस्त ठेवणारी माणसे यांची आहे.

पंपही टाळता येईल, जर पाणी पाड्याहून उंच जागेवरून आणले तर. घाटमाथ्यावरच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाचे पाणी शहापूरच्या गावांना उताराने आणायची योजना याच तत्त्वावर आखलेली आहे.

तुमच्या गावची विहीर घरापासून किती खाली आहे? मोजून पाहा. गवंडीकाकांकडून दहा मीटरची पारदर्शक नळी मागून घ्या आणि पाण्याने भरा. एकाने वरच्या बाजूला, दुसऱ्याने खालच्या बाजूला टोक उभे धरायचे. पाणी स्थिर झाले की दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजायची. दोहोंतला फरक म्हणजे तेवढ्या अंतरातला चढ. असे टप्प्याटप्प्याने घरापर्यंत या आणि बेरीज करा. उतार तीव्र असेल तर टप्पे लहान घ्या, नाहीतर पाणी खालच्या टोकातून सांडेल. नळीत बुडबुडा मात्र राहू देऊ नका. एवढ्याशा हवेने सगळे माप चुकते.