श्रीरंगपट्टण : एका दिवसाचा क्रम

प्रश्न : म्हैसूरला मुक्काम असताना श्रीरंगपट्टण एका दिवसात पाहून होते काय? सुरुवात कोठून करावी?

उत्तर : कावेरीचे पात्र दुभंगून पुन्हा एकत्र येते त्या मधल्या बेटावर हे गाव वसले असून किल्ला त्याच्या पश्चिम टोकाला आहे, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारा क्रम सोयीचा ठरतो. दुपारी मंदिर बंद असते, त्यामुळे प्रथम किल्ल्यातील रंगनाथस्वामींचे दर्शन घ्यावे. कावेरीवरील तीन रंगनाथ क्षेत्रांपैकी हे 'आदिरंग', म्हणजे उगमाकडून पहिले होय. तेथून जवळच 4 मे 1799 रोजी टिपू सुलतान जेथे पडला ते स्थळ आहे.

खरा वेळ द्यावा तो दर्या दौलत या 1784 मधील सागवानी उन्हाळी महालाला. त्याच्या पश्चिम भिंतीवर 1780 च्या पोल्लिलूर लढाईतील इंग्रजांचा पराभव रंगविलेला असून, पालखीतील जखमी कर्नल बेली शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. मराठी वाचकाने एवढेही ध्यानात ठेवावे की या किल्ल्याच्या 1792 च्या वेढ्यात इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या बाजूला हरिपंत फडके यांची मराठी फौज होती आणि त्यानंतरच्या तहाने टिपूचे जवळजवळ अर्धे राज्य गेले.

पुढे हैदर व टिपू यांची कबर असलेला गुंबज पाहून, उन्हे कलताना नदीचे दोन्ही फाटे जुळतात त्या संगमावर पोहोचावे. वेळ उरलाच तर रंगनतिट्टूचे पक्षी अभयारण्य जवळ आहे, परंतु त्यासाठी दर्या दौलतीची घाई करणे हा तोट्याचा सौदा होय.