संसार दोघांचा, मग भार एकटीवर का?



आपल्या भागातल्या कुठल्याही रानात जाऊन बघा. उसाची भांगलण कोण करतं? सोयाबीन कोण काढतं? बहुतेक ठिकाणी बाईच वाकलेली दिसेल. त्याआधी पहाटे उठून तिने झाडलोट, धार, भाकऱ्या उरकलेल्या असतात. संध्याकाळी दोघेही रानातून परत येतात. घरधनी बाजेवर टेकतो, घरधनीण थेट चुलीपुढे बसते. काम दोघांनी केले, विसावा एकालाच. हे बरोबर आहे का? तुम्हीच सांगा.

"पुरुषाने मिळवायचे, बाईने घर राखायचे," असे आपण म्हणत आलो. आज बाई मिळवतेही. ती शाळेत शिकवते, दवाखान्यात काम करते. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. बाहेरचे काम वाढले, घरातले मात्र कमी झाले नाही. म्हणून वाटणी बदलली पाहिजे.

मूल दोघांचे

अंगावर पाजणे आईलाच जमते. बाकी सगळे बापालाही जमते. मुलाला आंघोळ घालणे, भरवणे, लस टोचायला नेणे, रात्री रडले तर खांद्यावर घेणे, यात कमीपणा कसला? बाळंतपणानंतर शरीर भरून यायला वेळ लागतो. अंगात रक्त कमी आणि कामाचा रगाडा जास्त, अशात पुन्हा दिवस गेले तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. म्हणून दोन मुलांत निदान तीन वर्षांचे अंतर ठेवा. त्यासाठी निरोध, तांबी, गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन अशी साधने आहेत. कोणते साधन सोसेल हे डॉक्टरांना विचारा. विचारायला दोघांनी मिळून जा.

ऑपरेशन कोणी करायचे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर विवाहित स्त्रियांमागे सुमारे ४९ जणींची नसबंदी झालेली आढळली. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी शंभरात एकसुद्धा भरली नाहीत! बाळंतपण तिनेच सोसायचे आणि ऑपरेशनही तिनेच?

खरे तर पुरुषाचे ऑपरेशन सोपे. पोट उघडावे लागत नाही, टाकेही लागत नाहीत. जागा बधिर करून थोड्या मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. आठवडाभर जड ओझे उचलू नये, सायकल चालवू नये. ताकद कमी होत नाही, पुरुषत्व जात नाही. एक मात्र ध्यानात ठेवा : पहिले तीन महिने निरोध वापरायचा आणि मग धातूची तपासणी करून खात्री करून घ्यायची.

१९७५-७७ च्या आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली. ती भीती पुष्कळ घरांत राहिली. आज सक्ती नाही. निर्णय तुमचा, पण तो दोघांचा असू द्या.

"पण मुलगा नाही..."

मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते. त्यासाठी सुनेला बोल लावणे हे अज्ञान आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे नऊशेही मुली भरल्या नाहीत. त्याच वर्षी शेजारच्या सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नाव ठेवलेल्या २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. नाव बदलले, मन बदलायचे काम आपले आहे. कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे, बापाच्या नावाआधी, आईचे नाव लावले जाते. कागदावर आई पुढे आली. घरातही येऊ द्या.

आज रात्री जेवणे झाली की दोघे बसा आणि तीन गोष्टी ठरवा :

१. उद्यापासून घरातले कोणते काम कारभारी करणार?
२. पुढचे मूल केव्हा, की आता पुरे?
३. साधन कोणते, आणि ते कोण वापरणार?

मुलगा-मुलगी दोघांनाही भाकरी थापायला शिकवा आणि दोघांनाही शाळेत घाला. शंका असेल तर गावच्या आशाताईंना विचारा किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या. येताना जोडीने या.