विमानतळ नागपूरला जवळ, आपल्याला नाही

"विमानतळ काय, नागपुरातच तं आहे!" पांढुर्ण्यात कुणाचं विमानाचं तिकीट निघालं की हे वाक्य ऐकू येतंच. सोनेगावचा विमानतळ शहराला खेटून आहे, सीताबर्डीपासून जेमतेम सात-आठ किलोमीटर, हे खरं. पण हे सुख नागपूरकरांचं. आपण शहरात शिरतो उत्तरेकडून, सावनेर-कोराडीच्या रस्त्याने, आणि विमानतळ दक्षिणेला, वर्धा रोडवर. पांढुर्ण्याहून शंभरेक किलोमीटर, सौंसरहून साठ-सत्तर, इतकं आल्यावर अख्खं नागपूर ओलांडायचं उरतंच.

माझा मेहुणा एका डिसेंबरात पुण्याला निघाला. सावनेरपर्यंत गाडी अगदी वेळेत होती. पुढे नागपुरात सदरच्या अलीकडे पोलिसांनी रस्ता वळवला, कारण हिवाळी अधिवेशनावर मोर्चा निघाला होता. गल्लीबोळांतून विमानतळावर पोचला तेव्हा विमान समोर उभं, आणि बॅग घेणारा काउंटर बंद. काउंटरवरची मुलगी नम्र होती, पण नियम तो नियम. देशांतर्गत विमानांचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात. मोबाईलवर चेक-इन केलेलं असलं तरी बॅग द्यायची असेल तर ही वेळ सुटत नाही. पुण्याची बस रात्री मिळाली. तिकिटाचे पैसे गेले ते गेले.

1953 च्या नागपूर कराराने उपराजधानीच्या वाट्याला वर्षातलं एक अधिवेशन आलं. त्या दिवसांत मुंबईच्या विमानांना आमदार-अधिकाऱ्यांची गर्दी, तिकिटं महाग, आणि झिरो माईलच्या आसपास कधी काय बंद होईल याचा नेम नाही. गंमत अशी की 1956 पर्यंत नागपूर आपलीच, म्हणजे मध्य प्रदेशची, राजधानी होती. आता मोर्चे त्यांचे, खोळंबा आपला. जामठ्याच्या स्टेडियमवर सामना असला की वर्धा रोडचीही तीच गत होते. तिकीट काढण्याआधी या दोन्ही तारखा बघून घ्या.

पांढुर्णेकरांना मी रेल्वेच सुचवतो. नरखेड, काटोल, कळमेश्वर करत गाडी नागपूरला येते. तिला मोर्चा लागत नाही. उशीर मात्र लागतो, म्हणून विमानाच्या आधी पोचणारी अगदी शेवटची गाडी धरू नका, तिच्या आधीची धरा. स्टेशनाबाहेर संत्रा मार्केटच्या बाजूला मेट्रो आहे. ॲक्वा लाइनने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून ऑरेंज लाइनने 'एअरपोर्ट'. हे स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. पुढे ऑटो करावा लागतो. सामान कमी असेल तरच हा मार्ग सुखाचा. पहाटेच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नाही, ती सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते.

मोटारीनेच जायचं तर गाडीवाल्याला आदल्या दिवशीच विचारा, शहरातून नेणार की बाहेरच्या रिंग रोडने. लांब पडलं तरी जामठ्याकडून वर्धा रोडवर उलटं येणं मला बरं वाटतं. निदान किती वेळ लागेल हे सांगता येतं. सौंसरची मंडळी वाटेत जामसावळीच्या मारुतीला थांबतात. थांबा, पण अख्खा सुका नारळ चेक-इन बॅगेत टाकू नका. खोबऱ्यात तेल असतं, तो पेट घेऊ शकतो म्हणून बाहेर काढायला लावतात. पॉवर बँकेचं उलटं आहे, ती हातातल्या बॅगेतच हवी. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. संत्र्यांची पेटी मात्र नीट बांधून सामानात खुशाल द्या, वजनात बसली म्हणजे झालं.

दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्यांना डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान सांगू नका. इथे ऊन पडलेलं असतं आणि विमान तिकडच्या धुक्यात अडकलेलं. रात्री उशिरा उतरणार असाल तर गावाकडे बस मिळेल या भरवशावर राहू नका. घरची गाडी बोलवा, नाहीतर नागपुरात कुणाकडे तरी मुक्काम करा.

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दगडफेकीची गोटमार असते ती असतेच. त्या दिवशीचं तिकीट निघालंच असेल तर पोळ्याच्या रात्रीच नागपूर गाठा.