सोरा, गंधक व कापूस यांची एकत्र वस्ती

चारठाणा व जिंतूर तालुक्यांतील आसपासच्या गांवीं कापूस-सोयाबीनवर फवारण्यासाठीं १३:०:४५ हें विद्राव्य खत आतां शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचें झालें आहे. याचें रासायनिक नांव पोटॅशियम नायट्रेट. आपले वाडवडील यालाच सोरा किंवा सुरोखार म्हणत. सोरा, गंधक व कोळसा यांची बंदुकीची दारू होते, हें सर्वश्रुत आहे. असें असतां, फवारणी करून उरलेली सोऱ्याची पिशवी, सोयाबीनसाठीं आणलेलें गंधक, डिझेलचा डबा आणि भाव चढेल या आशेनें आढ्यापर्यंत रचलेला कापूस, हीं सर्व एकाच खोलींत नांदतांना मीं पाहिलीं आहेत.

माझी नोकरी महसुली कारकुनाची. जळिताच्या पंचनाम्यांत नुकसानीची यादी लांबलचक व कारण मात्र 'समजून आलें नाहीं' इतकेंच असे. एक पंचनामा विशेष स्मरणांत राहिला. कोठ्यास आग लागतांच घरच्या मंडळींनीं ओलीं पोतीं व माती टाकून ती दाबली. ती आंतल्या आंत अधिकच भडकली. यादीच्या शेवटीं विद्राव्य खताचें एक पोतें नोंदलेलें होतें. त्या नोंदीचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनीं कळला.

कापूस अगर तेल जळण्यास हवेंतील प्राणवायु लागतो. म्हणून घोंगडी टाकली कीं आग गुदमरते. नायट्रेटच्या पोटींच प्राणवायु असून तें फार तापलें म्हणजे तो बाहेर पडतो. तें स्वतः पेटत नाहीं, परंतु शेजारच्या आगीस श्वास पुरवितें. तेथें घोंगडी व माती व्यर्थ. दुरून मारलेलें भरपूर पाणी हाच उपाय. अमेरिकेंतील टेक्सस सिटी बंदरांत १६ एप्रिल १९४७ रोजीं ग्रँडकँप जहाजावर सुमारें २,३०० टन अमोनियम नायट्रेट होतें. धूर दिसला तेव्हां, पाण्यानें माल नासेल म्हणून झांकणें लावून आंत वाफ सोडण्यांत आली. जहाज फुटलें व सुमारें ५८० माणसें दगावलीं.

अशा खतास फरशीची, कोरडी, निराळी जागा द्यावी व पोतें लांकडी फळीवर न ठेवतां विटांवर ठेवावें. कडबा, भुसा, सरकी, गंधक, डिझेल व तेलकट कीटकनाशकें तेथें नसावींत. सांडलेलें खत केरासकट पुन्हां पिशवींत भरूं नये. रिकामें पोतें धुतल्यावांचून कापसास तर मुळींच वापरूं नये. तोड्याच्या बंदुकीचा तोडा सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळवीत. खताच्या पाण्यांत भिजून वाळलेलें गोणपाट किंवा फवारणीची चिंधी म्हणजे तसाच तोडा होय.

विहिरीसाठीं आणलेली ब्लीचिंग पावडर याच जातीची. ती तेल, रॉकेल व अॅसिड यांपासून दूर ठेवावी. खतांजवळही नको, कारण अमोनियायुक्त खताशीं मिसळल्यास विषारी वायु निघतो. युरिया व सुपर फॉस्फेट मात्र या वर्गांत येत नाहींत. सर्वच खतांस भिण्याचें कारण नाहीं.

ज्यांस दुसरी खोली नाहीं, त्यांनीं पंचवीस किलोचें पोतें घेऊंच नये. किलोची पुडी मिळते. फवारणीच्या दिवशीं लागेल तितकीच आणून त्याच दिवशीं संपवावी.