आरणीतला बटाटा बेण्याला का चालत नाही?

प्रश्न : माझे मामा आंबेगाव तालुक्यात बटाटा करतात. रब्बीचा माल झाडाखाली आरण घालून उन्हाळाभर टिकवतात. तरी पावसाळी लागवडीला बेणं मात्र पंजाबातूनच आणतात. घरात बटाटा असताना हा खर्च कशाला?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मामा उधळे नाहीत, एवढं आधी सांगतो. आरण घालणारा माणूस उधळा असूच शकत नाही. दाट सावली बघून बटाटे रचायचे, वर पाचटाचा किंवा गवताचा जाड थर द्यायचा. उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो आणि त्यात सोलानिन हे विष वाढतं. फार दाबून झाकला तरी पंचाईत, कारण काढलेला बटाटाही श्वास घेतो. उन्हाळ्यात हवा कोंडली तर आतून काळा पडतो. कुदळीचा घाव लागलेला एक जरी आत गेला, तरी शेजारचे सडवतो. पाकोळी शिरली तर तिच्या अळ्या डोळ्यांतून आत पोखरत जातात.

एवढं सांभाळून टिकतो तो खायचा बटाटा. बेण्याचं दुखणं वेगळं आहे. बेणं म्हणजे बी नव्हे, जमिनीत फुगलेलं खोडच. (खरं बी असतं ते झाडाला कधीमधी धरणाऱ्या, छोट्या टोमॅटोसारख्या हिरव्या फळांत.) मावा ही कीड रस शोषता शोषता विषाणू या झाडावरून त्या झाडावर नेते, आणि तो विषाणू बटाट्यातून पुढच्या पिकात उतरतो. वरून काही दिसत नाही. पण तेच बेणं वर्षानुवर्षं फिरवलं की पानं वळतात, झाड खुरटतं, बटाटा गोटीएवढा राहतो.

पंजाबात ऑक्टोबरात लावलेल्या पिकावर थंडीमुळे मावा कमी असतो. तो वाढायच्या आत, जानेवारीच्या सुमारास, पालाच कापून टाकतात. ही युक्ती सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची. आपल्या वाणांच्या नावांत येणारं ‘कुफरी’ हेही सिमल्याजवळचंच गाव. पुढे हे बेणं शीतगृहात राहतं आणि आंबेगावातल्या सातगाव पठारावर पावसाची वाट बघायची वेळ येते, तेव्हा कोंब फुटायच्या बेतात असतं.

मामांना थोडा खर्च वाचवायचाच असेल, तर पाला हिरवा असतानाच धट्ट्याकट्ट्या झाडांशेजारी काड्या रोवाव्यात आणि फक्त त्यांचाच माल बेण्याला वेगळा काढावा. एखादा हंगाम निभावेल. पुढच्या वर्षी पुन्हा पंजाबचा ट्रक.