तीन बाय दोनचा नकाशा: घरच्या खेळासाठी छपाईचा हिशेब

समजा, पन्हाळा ते विशाळगड ही जुलै १६६०ची दौड टेबलावर खेळायचा घाट घातलाय. एका बाजूला सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटलेली माणसं, दुसऱ्या बाजूला पाठलाग, मध्ये डोंगर, ओढे आणि षट्कोनी घरांची जाळी. नियम वहीत उतरले. आता नकाशा हवा, आणि तो चौघांना चारही बाजूंनी वाकून बघता येईल एवढा मोठा.

दोन्ही गडांमध्ये सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर अंतर आहे. १:५०,००० प्रमाण धरलं तर ते एकतीस-बत्तीस इंच भरतं. म्हणजे ३६ बाय २४ इंचांत, कडेला थोडी जागा सोडून, सगळा खेळ मावतो. एक इंचाचं एक घर केलं की प्रत्यक्षात ते सव्वा किलोमीटरचं होतं. तीन बाय दोन फूट, म्हणजे सहा चौरस फूट. हा आकडा पाठ करून ठेवा, कारण मोठ्या छपाईचे बहुतेक भाव चौरस फुटावर ठरतात. पुढचे भाव मात्र ढोबळ आहेत. गावागणिक, दुकानागणिक ते बदलतात.

पहिला विचार घरच्या प्रिंटरचा येतो. समास सोडून ए-फोर कागदावर सात बाय दहा घरं बसतात, म्हणजे सोळा कागद. ए-थ्री घेतले तर आठ. रंगीत ए-थ्री प्रिंट वीस ते चाळीस रुपयांना धरली, तर १६० ते ३२० रुपये इथेच गेले. शिवाय कापणं, चिकटवणं, खालचा पुठ्ठा आणि एका जोडावर हमखास सरकलेली नदी. नियम अजून बदलत असतील, तर चाचणीपुरता काळा-पांढरा नकाशा असा काढावा. ‘फिट टू पेज’ बंद आणि ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ चालू, एवढं मात्र बघा. पक्क्या नकाशासाठी हा मार्ग स्वस्त वाटतो, पण नसतो.

प्लॉटरवाला हा दुसरा मार्ग. आर्किटेक्ट आणि इंजिनिअरिंगच्या मुलांची ड्रॉइंग जिथे निघतात, ती दुकानं. इथे एक खाचखळगा आहे. ए-वन कागद २३.४ बाय ३३.१ इंचांचा असतो, आपल्या नकाशापेक्षा थोडाच लहान. घाईतला ऑपरेटर ‘बसवून देतो’ म्हणत तो ए-वनवर काढतो, नकाशा ९२ टक्क्यांवर येतो आणि एक इंचाच्या घरात एक इंचाची सोंगटी मावत नाही. ए-झिरो किंवा ३६ इंची रोलवर, शंभर टक्के आकारात, असं स्पष्ट सांगा. भाव १५० ते ३५० रुपये. कागदभर रंग असेल तर रेघांच्या ड्रॉइंगपेक्षा जास्त लावतात. कागद पातळ असतो आणि चहाचा एक कप त्याला पुरतो.

माझं मत विचाराल तर सरळ फ्लेक्सवाल्याकडे जा. चौकाचौकातल्या भावी नगरसेवकांनी वाढदिवसाचे एवढे फलक लावलेत, की मोठी रंगीत छपाई आपल्याकडे कवडीमोल झाली आहे. त्यांचा आपल्याला झालेला हा बहुधा एकमेव उपयोग. साध्या फ्लेक्सचा भाव १० ते २० रुपये चौरस फूट, म्हणजे आपला नकाशा ६० ते १२० रुपयांत. पण काही दुकानांत किमान बिल असतं, ते आधी विचारा. जीएसटी धरून की वेगळा, तेही. कोपऱ्यांना आयलेट ठोकू नका, हे बजावून सांगा. सवयीने ठोकतात आणि नेमकं विशाळगडावर भोक पडतं. ताज्या फ्लेक्सला शाईचा उग्र वास येतो, एक-दोन दिवस वाऱ्यावर पसरून ठेवा. फ्लेक्सचा खरा दोष म्हणजे चमक. ट्यूबलाइटखाली अर्धा नकाशा दिसतच नाही.

म्हणून वारंवार खेळायचं असेल, तर त्याच दुकानात व्हिनाइलवर छापून मॅट लॅमिनेशन करून घ्या. ३५ ते ६० रुपये चौरस फूट, एकूण २१० ते ३६० रुपये. तेच तीन मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवून घेतलं तर ३६० ते ७२० रुपयांपर्यंत जातं. सनबोर्ड दोन तुकड्यांत घ्या आणि मागून कापडी टेप लावा, म्हणजे मिटून कपाटात जाईल. पाठलागाच्या खुणा नकाशावरच करणार असाल, तर मार्कर आधी कोपऱ्यात लावून, पुसून पाहा. लॅमिनेशन नसलेल्या छपाईवर सॅनिटायझर किंवा स्पिरिट फिरवू नका, मार्करबरोबर डोंगरही निघून येतील.

आता फाइल. पैसे वाया जातात ते इथेच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नोंदणी करून पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पण आपल्या टापूसाठी तीन-चार तरी जोडावे लागतात. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकायची तयारी असेल, तर उपग्रहावरून मोजलेल्या उंचीच्या मोफत माहितीतून डोंगरउतार काढता येतात. त्यात पानाचा आकार ३६ बाय २४ इंच आणि प्रमाण १:५०,००० थेट भरता येतं. आजचे डांबरी रस्ते आणि धरणांचं पाणी पुसायला विसरू नका. १५० डीपीआय पुरे, म्हणजे ५४०० बाय ३६०० पिक्सेल. मोबाइलच्या पडद्यावर छान दिसणारं चित्र एवढं ताणलं की त्याचे चौकोन होतात.

गावांची नावं मराठीत असतील, तर दुकानातल्या जुन्या कोरलड्रॉमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं फुटू शकतात. फाइल चित्र म्हणून द्या, किंवा अक्षरं आकारांत बदललेली पीडीएफ. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेनड्राइव्ह त्याहून बरा. दुकानात बसून फाइल दुरुस्त करून घेतली तर त्याचे शंभर-दोनशे वेगळे पडतात. छपाईत हिरवा रंग काळवंडतो, तेव्हा जंगलं पडद्यावर वाटतात त्याहून फिकी ठेवा. आणि नकाशाच्या एका कडेला दहा इंचांची पट्टी आखून ठेवा. पैसे देण्याआधी टेप लावून ती मोजायची. नऊ-सव्वानऊ इंच भरली तर पुन्हा छापून मागायला तुमच्याकडे पुरावा असतो.

घरी आणताना घडी घालू नका, घडीची रेघ जात नाही. छपाई बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा, म्हणजे टेबलावर पसरल्यावर कडा वर न उठता खाली दबतात. ठेवायला प्लंबिंगच्या दुकानातला अडीच इंची पीव्हीसी पाइप उत्तम. नकाशा दोन फूट रुंदीच्या बाजूने गुंडाळला जातो, तेव्हा सव्वादोन फुटांचा तुकडा पुरतो, आणि उरलेल्या मालातून मागितला तर बहुतेक वेळा फारसे पैसे पडत नाहीत.