आधी बाहेरची वाट

पोरी, ऑफिसच्या इमारतींना ॲक्सेस कंट्रोल बसवायच्या कामाला तू आता लागलीस, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो. नव्या साइटवर गेलीस की रीडर कुठे लावायचा ते मागाहून बघ. आधी आतल्या बाजूला उभी राहा आणि विचार कर : वीज गेली, धूर भरला, सॉफ्टवेअर अडकलं, तर इथला माणूस बाहेर कसा पडणार? याचं उत्तर मिळेपर्यंत भिंतीला ड्रिल लावू नकोस.

१९११ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कपडा कारखान्यात आग लागली आणि १४६ जीव गेले. त्यांतल्या बहुतेक तुझ्याच वयाच्या पोरी होत्या. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूप लावून ठेवलं होतं, कारण कामगार माल चोरून नेतील अशी मालकांना धास्ती. तेव्हा कार्ड नव्हतं, रीडर नव्हता. पण चोराला अडवायला लावलेलं कुलूप आतल्या माणसाला अडवतं, हा धोका आपल्या धंद्याला आजही तसाच चिकटलेला आहे.

म्हणून फायर पॅनेलची वायर कधीही नुसती सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नकोस. पॅनेलच्या रिलेचा नॉर्मली क्लोज्ड काँटॅक्ट थेट लॉकच्या सप्लायमध्ये घाल. अलार्म वाजला की सप्लाय तुटेल, लॉकचं चुंबक सुटेल, दार मोकळं होईल. मधली वायर तुटली तरी दार उघडंच राहील, आणि तेच बरोबर आहे. इथे एक चूक मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे : फायर रिले एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या आधी, मेन्समध्ये घातलेला असतो. आग लागते, मेन्स तुटते आणि बॅटरी इमानाने लॉकला वीज देत राहते. कागदावर सगळं जोडलेलं, दार मात्र घट्ट. काँटॅक्ट बॅटरीच्या पुढे, म्हणजे लॉककडे जाणाऱ्या वायरमध्येच हवा. दाराजवळच्या हिरव्या ब्रेक ग्लासचंही तसंच. एक्झिट स्विच कंट्रोलरला नुसता इशारा देतो, कंट्रोलर हँग असेल तर तो इशारा वाया जातो. ब्रेक ग्लासने लॉकची वायर स्वतः तोडली पाहिजे.

सर्व्हर रूम, कॅश रूम अशा ठिकाणी वीज गेल्यावर बंद राहणारं कुलूप चालतं. पण आतून हँडल खाली केलं की दार उघडलं पाहिजे. यात क्लायंटशी तडजोड नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, असू द्या,’ तरी नाही.

आता ईएम लॉक, म्हणजे चुंबकाचं कुलूप. ६०० पौंडांचा लॉक म्हणजे साधारण २७० किलोची पकड, पण ती मिळते प्लेट चुंबकावर सपाट बसली तरच. दारावरची लोखंडी प्लेट मधल्या बोल्टवर, रबरी वॉशर घालून, किंचित हलती ठेवायची असते. नवा मुलगा ती जीव खाऊन आवळतो, प्लेट एका कडेला टेकते आणि खांद्याच्या धक्क्याने दार उघडतं. मग लॉक खराब म्हणून बदलतात. लॉक बदलण्याआधी बोल्ट अर्धा फेरा सैल करून बघ, प्लेटवरची धूळ आणि गंज कोरड्या फडक्याने पूस. डोअर क्लोजर आणि फ्लोअर स्प्रिंगही तपास. पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात, चौकटीला घासतात आणि शेवटची दोन बोटं बंदच होत नाहीत. तिथे चुंबक काय करणार?

तक्रार आली की पहिल्यांदा मल्टिमीटर काढ, आणि व्होल्टेज एसएमपीएसपाशी न मोजता लॉकपाशी, लॉक चालू असताना मोज. असा लॉक १२ व्होल्टवर जवळपास अर्धा ॲम्पिअर घेतो. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० मीटर नेलीस तर जाता-येता मिळून वाटेतच पावणेदोन-दोन व्होल्ट जातात. १ चौरसची ओढलीस तर निम्मेच जातात. वायरमध्ये वाचवलेले पैसे पुढच्या फेऱ्यांत दुप्पट जातात, क्लायंटला आधीच स्पष्ट सांग. लॉकच्या टर्मिनलवर ४००७ डायोड उलटा लाव, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. नाहीतर लॉक सुटताना मागे येणारा झटका कंट्रोलरच्या रिलेचे काँटॅक्ट जाळतो.

कंट्रोलर नेहमी सुरक्षित बाजूला, आत. रीडर आणि लॉकचा रिले एकाच डबीत असलेली स्वस्त मशिनं मिळतात. ती बाहेरच्या भिंतीवर लावलीस तर चार स्क्रू काढून दोन वायरी जोडल्या की दार उघडतं, कार्ड लागतच नाही.

कार्डाबद्दल थोडंच सांगतो. १२५ किलोहर्ट्झचं जुनं कार्ड फक्त आपला नंबर ओरडून सांगतं. त्याची नक्कल बाजारातल्या स्वस्त यंत्रावर होते. मायफेअर क्लासिकचं कुलूप २००८ मध्येच संशोधकांनी फोडून दाखवलं. नव्या कामाला एईएस एन्क्रिप्शन असलेलं डेसफायर कार्ड घ्यायला सांग. रीडरपासून कंट्रोलरपर्यंतही जुनी वायगंड जोडणी नंबर उघडाच नेते. जमेल तिथे त्याऐवजी ओएसडीपी घाल, आणि त्याचं एन्क्रिप्शन चालू केलंय ना ते स्वतः बघ.

पण पोरी, बहुतेक दारं कार्डाची नक्कल करून उघडत नाहीत. पुढचा माणूस मागच्यासाठी दार धरून ठेवतो, तिथून सगळं सुरू होतं. साहेबाच्या मागून कुणी शिरला तर गार्ड गप्प राहतो, कारण विचारलं तर त्याचीच नोकरी जाईल. गार्डला दोष देऊ नकोस. मॅनेजमेंटकडून लेखी आदेश काढून घे, की कार्ड न लावणाऱ्या कुणालाही, अगदी डायरेक्टरलाही थांबवायचं. तो कागद गार्डच्या टेबलावर असू दे. नोकरी सोडलेल्या माणसाचं कार्ड त्याच दिवशी बंद व्हावं, यासाठी एचआरमधल्या एकाच माणसावर जबाबदारी टाकून घे. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही.

बोटाचे ठसे लावायचे तर हाउसकीपिंगच्या बायका आणि सिमेंटमध्ये राबणाऱ्या माणसांचा आधी विचार कर. त्यांचे ठसे झिजलेले असतात. मशीन रोज लाल दिवा दाखवतं, हजेरी चुकते, पगार कापला जातो. अशांना मुकाट्याने कार्ड दे. शिवाय कार्ड हरवलं तर दुसरं मिळतं, बोट बदलता येत नाही. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे. गरज नसेल तिथे ठसे गोळाच करायला लावू नकोस.

कंट्रोलर आणि सीसीटीव्हीची घड्याळं जुळवून ठेव. चोरी झाल्यावर दहा मिनिटांचा फरक निघाला तर दोन्ही नोंदी निरुपयोगी.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र द्यावं लागतं. तू तीच वेळ साध. फायर अलार्म वाजवायला लाव, मेन्स बंद कर, बॅटरी जोडलेलीच ठेव आणि प्रत्येक मजल्यावर स्वतः चालत जाऊन प्रत्येक दार ढकल. एकही अडलं तर त्या दिवशी सही करू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी.